धयकाल्याची पहाट आणि मराठी कथेचा शेवट

मालवणी मुलखात दशावतारी नाटकाला 'धयकालो' म्हणतात. नाटकाला नाव मिळते ते बहुधा नायकावरून किंवा कथानकावरून. सिंधुदुर्गातील या लोकनाट्याला मात्र समाजाने नाव दिले ते त्याच्या शेवटावरून. ग्रामदेवतेच्या जत्रेत पालखीची प्रदक्षिणा झाली की खेळ उभा राहतो. रात्रभर आख्यान चालते, आणि पहाटे दहीहंडी फुटून काला वाटला गेला की परंपरेने खेळ पूर्ण होतो. ज्या समाजाने आपल्या नाटकाला त्याच्या मंगल शेवटाचे नाव दिले, त्याची कथेकडून कोणती अपेक्षा होती, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

आज मराठी साहित्यविश्वात मात्र मंगल शेवटाकडे संशयाने पाहिले जाते. कथेचा शेवट दु:खात झाला तर ती 'वास्तव', आणि शेवटी दिवा लागला तर ती 'स्वप्नाळू', अशी एक सोयीची विभागणी होऊन बसली आहे. नव्याने लिहू लागलेला तरुण लेखकही ही विभागणी गृहीत धरतो. आपली कथा गंभीरपणे वाचली जावी असे वाटत असेल तर तिच्यातील माणूस शेवटी हरला पाहिजे, अशी त्याची समजूत होते. ही समजूत तपासून पाहण्याची वेळ आली आहे. कारण प्रश्न केवळ वाङ्मयीन अभिरुचीचा नाही. समाज स्वत:विषयी ज्या कथा ऐकतो, त्यांतूनच तो स्वत:च्या भवितव्याचा अंदाज बांधत असतो.

रात्र टाळून पहाट नाही

मंगल शेवट म्हणजे दु:खाला दिलेली बगल, असा आक्षेप घेतला जातो. दशावताराची रचना पाहिली तर तो टिकत नाही. पूर्वरंगात गणपती आणि सरस्वतीचे पूजन होते, आणि त्यानंतर संकासुर रंगभूमीवर येतो. काळ्या वेषातला, लांब लाल जिभेचा हा असुर ब्रह्मदेवाचे वेद पळवतो. म्हणजे खेळाच्या प्रारंभीच ज्ञानाचा नाश रंगभूमीवर घडतो. हा असुर बोलतो ती भाषा मात्र प्रेक्षकांच्या घरातली मालवणी असते, आणि तो साऱ्या जत्रेला हसवतो. मग विष्णू येतो, संकासुराचा वध होतो आणि उत्तररंगातील आख्यान सुरू होते. तेथेही राज्ये जातात, पतिपत्नींची ताटातूट होते, सज्जनांची विटंबना होते. यातील संवाद कागदावर लिहिलेले नसतात. आख्यान ठरते आणि नट स्वत:च्या सामर्थ्यावर ते उभे करतो. त्यामुळे हरिश्चंद्राचे दु:ख त्याला पाठ म्हणून दाखवता येत नाही. ते त्या क्षणी स्वत:तूनच काढावे लागते. पहाटेचा काला मिळतो तो ही सारी रात्र जागवल्यानंतर. रात्री घरी जाऊन झोपलेल्याला दह्याचा प्रसाद सकाळी कोणी आणून दिला तरी त्याला तो 'धयकालो' लागत नाही.

हे सूत्र केवळ लोकनाट्याचे नाही. धनंजयाच्या 'दशरूपका'त नाट्यकथेच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत : आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम. यातील मधली अवस्था लक्षात घेण्यासारखी आहे. प्राप्त्याशा म्हणजे फळ मिळण्याची आशा. पण विघ्ने उभी असतानाची आशा. नायकाच्या मार्गात उपाय आणि अपाय दोन्ही असतात, आणि यश मिळेलच अशी खात्री नसते. भारतीय नाट्यविचाराने आशेला कथेच्या मध्यभागी, संकटाच्या शेजारी बसवले आहे. फलागम हा त्या आशेचा परिपाक असतो. वरून टाकलेली साखर नसते.

भवभूती आणि टेट

कथेचा शेवट मंगल करणे हे सोपे काम आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्ये कॉर्डेलिया मरते आणि तिचे शव हातांवर घेऊन आलेला वृद्ध राजाही मरतो. १६८१ मध्ये नाहम टेट या नाटककाराने हा शेवट बदलला. त्याच्या रूपांतरात लिअरला राज्य परत मिळते आणि कॉर्डेलियाचा एडगरशी विवाह ठरतो. इंग्लंडच्या रंगभूमीवर सुमारे दीडशे वर्षे हेच रूपांतर चालले. १८३८ मध्ये मॅक्रेडीने शेक्सपिअरची मूळ संहिता पुन्हा रंगभूमीवर आणली आणि टेटचे नाटक हळूहळू विस्मरणात गेले.

दुसरे उदाहरण भवभूतीचे. विदर्भातील पद्मपूरचा मानला जाणारा हा महाकवी. वाल्मीकिरामायणाच्या उत्तरकांडात सीता धरणीच्या उदरात जाते. भवभूतीने 'उत्तररामचरित' लिहिताना तो शेवट बदलला आणि राम-सीतेचे पुनर्मीलन घडवले. हे नाटक बाराशेहून अधिक वर्षे टिकून आहे. मूळ कथेत केलेल्या या बदलाबद्दल रसिकांनी भवभूतीला कधी दूर लोटले नाही.

दोघांनीही शेवट बदलला. मग एकाचे नाटक पुसले गेले आणि दुसऱ्याचे अजरामर झाले, असे का? उत्तर नाटकाच्या तिसऱ्या अंकात आहे. सीतेचा त्याग केल्यानंतर अनेक वर्षांनी राम पुन्हा पंचवटीत येतो. प्रत्येक झाड, प्रत्येक शिळा त्याला तिची आठवण देते. तो मूर्च्छित होतो. अदृश्य असलेली सीता त्याला स्पर्श करते आणि तो शुद्धीवर येतो, पण ती त्याला दिसत नाही. आपल्या निर्णयाची पूर्ण किंमत राम प्रेक्षकांसमोर मोजतो, आणि ती मोजलेली सीताही पाहते. त्यानंतर येणारे पुनर्मीलन हे त्या पश्चात्तापाचे फळ असते. करुणरसाचा श्रेष्ठ कवी म्हणून ज्याची ख्याती, त्यानेच हा मंगल शेवट लिहिला, हा योगायोग नव्हे. टेटने लिअरला राज्य परत दिले. पण ते परत मिळावे असे नाटकाच्या आत काही घडवले नाही.

मंगल शेवट आणि गोडगोड शेवट यांतील अंतर हे असे आहे. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक टॉल्किन यांनी १९३९ मध्ये स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे परीकथांवर व्याख्यान दिले. पुढे ग्रंथरूपात आलेल्या त्या विवेचनात कथेला अचानक मिळणाऱ्या आनंददायी कलाटणीसाठी त्यांनी 'युकॅटास्ट्रॉफी' असा नवा शब्दच घडवला. दु:ख आणि पराभव शक्य असल्याशिवाय अशी कलाटणी संभवत नाही, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते. हा माणूस १९१६ मध्ये सोमच्या रणभूमीवर लढलेला होता. त्याला दु:ख ठाऊक नव्हते असे कोणी म्हणू शकणार नाही.

सिंधुदुर्गाचे साहित्य : एक हिशेब

सिंधुदुर्गाने मराठीला जे लेखक दिले त्यांचे ऋण मोठे आहे. वेंगुर्ल्याजवळील तेंडोलीचे चिं. त्र्यं. खानोलकर आणि आरवलीचे जयवंत दळवी ही नावे घेतल्याशिवाय आधुनिक मराठी साहित्याचा इतिहास पूर्ण होत नाही. खानोलकरांच्या 'कोंडुरा', 'रात्र काळी, घागर काळी' या कादंबऱ्यांत वासना, भय आणि नियती यांनी वेढलेला कोकणी माणूस दिसतो. दळवींच्या 'संध्याछाया' या नाटकाने दूर गेलेल्या मुलांची वाट पाहणारे वृद्ध दांपत्य रंगभूमीवर आणले आणि मध्यमवर्गीय घराला आरसा दाखवला. ही लेखणी खोटी नव्हती. तिने जे पाहिले ते धैर्याने लिहिले. शोकात्म साहित्याचे कार्य तेच असते. समाजाने ज्यावरून नजर फिरवली, तेथे ते त्याला थांबवते.

परंतु अडचण होते ती अनुकरणाने. खानोलकरांची प्रतिभा नसलेल्यांनी त्यांचा अंधार तेवढा उचलला. पुढे दूरचित्रवाणीने तो घराघरांत पोहोचवला. २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'रात्रीस खेळ चाले' या लोकप्रिय मालिकेचे चित्रीकरण सावंतवाडीजवळच्या आकेरीत झाले. त्या वेळी कोकणाची प्रतिमा केवळ भुताखेतांची आणि अंधश्रद्धेची होत असल्याची तक्रार कोकणातूनच उमटली होती. वाडा म्हणजे शापित, विहीर म्हणजे कोणीतरी जीव दिलेली, परतलेला मुलगा म्हणजे जमिनीच्या वाट्यासाठी आलेला, हे ठोकळे आता इतके रुळले आहेत की लेखकाला ते वास्तव वाटतात. प्रत्यक्षात तेही ठोकळेच आहेत. जितके गोडगोड मालिकेतील लग्नाचे मांडव.

याच जिल्ह्यात एक वेगळी वाटही आखली गेली होती. १९२० मध्ये सांगलीकडचा एक तरुण शिक्षक वेंगुर्ले तालुक्यातील शिरोड्याच्या शाळेत आला आणि १९३८ पर्यंत तेथेच राहिला. ते वि. स. खांडेकर. मिठागरांचे, गरीब वस्तीचे हे गाव. १९३० चा मिठाचा सत्याग्रह येथे झाला. 'कांचनमृग', 'दोन ध्रुव', 'उल्का' या कादंबऱ्या खांडेकरांच्या याच वास्तव्यातील. दारिद्र्य, विषमता आणि भंगलेली स्वप्ने हे त्यांचे विषय होते. पण भंगलेल्या स्वप्नापाशी कथा थांबवणे त्यांना मान्य नव्हते. ज्या 'ययाती'ला १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, त्या कादंबरीतही भोगाच्या तळापर्यंत गेलेला राजा शेवटी जागा होतो आणि राज्य पुरूच्या हाती येते. खांडेकरांना 'स्वप्नाळू' म्हणून हिणवले गेले. त्यांच्या भाषेत अलंकारांचा भार होता हे खरे; काही पात्रे माणसांपेक्षा विचारांसारखी बोलतात हेही खरे. तथापि शैलीचे दोष दाखवून त्यांच्या आशेलाच दोष ठरवणे, हा न्याय नव्हे. शाळेत रोज गरीब मुलांसमोर उभ्या राहणाऱ्या शिक्षकाला आशा ही चैन नसते. ती त्याच्या कामाची अट असते.

प्रश्नातून उत्तराकडे

शोकात्म आणि आशावादी साहित्य हे परस्परांचे शत्रू नाहीत, हे मराठीने एकदा सिद्ध करून दाखवले आहे. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' या कादंबरीतील यमूची कहाणी हृदय पिळवटणारी आहे, आणि तिचे शीर्षकच एक प्रश्न आहे. त्यानंतर काही वर्षांनी, १८९९ मध्ये, गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा' रंगभूमीवर आले. पैशाच्या लोभाने वृद्धाशी लग्न लावून दिली जाणारी शारदा शेवटी वाचते. ती दैवी चमत्काराने वाचत नाही. कोदंड नावाचा तरुण त्या विवाहाच्या आड उभा राहतो म्हणून वाचते. बालविवाहाला प्रतिबंध करणारा कायदा त्यानंतर ३० वर्षांनी, १९२९ मध्ये संमत झाला. आपट्यांनी प्रश्न विचारला. देवलांनी त्याच्या उत्तराची शक्यता दाखवली. यमूशिवाय समाजाला अपराधाची जाणीव झाली नसती, आणि कोदंडाशिवाय त्या जाणिवेचे काय करायचे ते कळले नसते. आजच्या मराठी कथेत यमू पुष्कळ आहेत. दिसत नाही तो कोदंड.

आकडे काय सांगतात

आशेची ही चर्चा सिंधुदुर्गापुरती तरी हवेतली नाही. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. देशाची लोकसंख्या वाढत असताना या जिल्ह्यात दहा वर्षांत सुमारे १९ हजार माणसे घटली. साक्षरतेत पुढे असलेल्या जिल्ह्याची ही स्थिती आहे. माणसे गाव सोडतात ती मुख्यत: रोजगारासाठी, कथा वाचून नव्हे, हे उघड आहे. परंतु परतावे की नाही, घराची कौले चाळावीत की घर विकावे, मुलाला होडी-जाळ्याचे काम शिकवावे की त्यापासून दूर ठेवावे, हे निर्णय केवळ पैशाच्या हिशेबावर होत नाहीत. येथे काही होऊ शकते की नाही, या विश्वासावर ते होतात. आणि तो विश्वास घडवण्यात कथेचा वाटा असतो. 'कोकण म्हणजे मागे सोडून यायची गोष्ट' असे तीन पिढ्या ऐकलेल्या मुलाला परतीचा रस्ता दिसावा कसा?

वास्तववादाच्या नावाने अंधार लिहिणाऱ्यांनी याच जिल्ह्यातील काही वास्तव पाहिलेले दिसत नाही. कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा आहे. रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे दाखवत, गाऊन कथा सांगण्याची ही कला लोप पावण्याच्या वाटेवर होती. परशुराम गंगावणे यांनी ती सोडली नाही. त्यांनी आपल्या गुरांच्या गोठ्यातच संग्रहालय उभे केले, आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. सावंतवाडीची गंजिफा अशीच संपत आली होती. दशावतारांची चित्रे असलेले हे १२० गोल पत्ते रंगवणारे हात मोजकेच उरले होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध कारागिराकडून ती विद्या मिळवली, राजवाड्यातच कारागिरांना काम दिले आणि परंपरा पुढे नेली. गोठ्याचे संग्रहालय होते आणि राजवाड्याची कार्यशाळा होते, या घटना कोणा कथाकाराने रचल्या असत्या तर समीक्षकाने त्यांना 'अवास्तव' म्हटले असते. त्या घडल्या आहेत.

कथा कोठे थांबवावी

येथे लेखकाच्या खऱ्या अधिकाराचा प्रश्न येतो. जीवन कोठेच थांबत नसते. कथा कोठे थांबवायची ते लेखक ठरवतो. जंजिरा जिंकण्याचे छत्रपती शिवाजी महाराजांचे प्रयत्न यशस्वी झाले नाहीत. तो जलदुर्ग अखेरपर्यंत स्वराज्यात आला नाही. कथा तेथे थांबवली तर ती पराभवाची आहे, आणि ती खरी आहे. परंतु १६६४ मध्ये मालवणच्या समुद्रातील कुरटे बेटावर महाराजांनी नव्या जलदुर्गाची पायाभरणी केली आणि १६६७ पर्यंत सिंधुदुर्ग उभा राहिला. कथा येथे थांबवली तर ती निर्मितीची आहे, आणि तीही तितकीच खरी आहे. पहिली कथा वास्तव आणि दुसरी प्रचार, असे म्हणण्यास कोणता आधार आहे? उलट, जंजिऱ्याचे अपयश पूर्णपणे सांगितल्याशिवाय कुरटे बेटावरच्या पहिल्या दगडाचे वजनही वाचकाला कळणार नाही.

आशेने लिहू पाहणाऱ्या लेखकासाठी यात तीन गोष्टी आहेत. संकटाला पूर्ण वजन द्यावे. ते हलके केले की शेवटही हलका होतो. सुटका योगायोगाने न आणता माणसाच्या कृतीतून आणावी. लॉटरी, अचानक मिळालेला वारसा किंवा शेवटच्या पानावर झालेले हृदयपरिवर्तन हे टेटचे मार्ग आहेत. आणि जे गेले ते गेले, हे मान्य करावे. मासेमाराच्या घरातील बुडालेला मुलगा शेवटच्या पानावर परत आणू नये. परंतु त्याच्या धाकट्या भावासाठी नवे जाळे विणायला वाडीतील चार हात पुढे आले, तर तो शेवट मंगल आहे, आणि मालवणच्या किनाऱ्यावर त्याला कोणी खोटा म्हणणार नाही. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करणाऱ्या कोळ्याला समुद्र काय घेऊ शकतो ते ठाऊक नसते काय? त्याला ते ठाऊक असते, आणि तरीही तो होडी लोटतो.

जबाबदारी केवळ लेखकांची नाही. व्रतकथांच्या शेवटी 'सुफळ संपूर्ण' हे शब्द ऐकत वाढलेल्या घरांतून आज कथा सांगण्याची रीतच क्षीण होत आहे. मुलांना दशावताराला न्यावे; ती पेंगली तरी पहाटेच्या काल्याला जागी करावीत. शाळांनी आणि गावोगावच्या वाचनालयांनी कथास्पर्धा घ्याव्यात, आणि परीक्षकांनी दु:खान्त कथेला केवळ ती दु:खान्त आहे म्हणून वरचा क्रमांक देण्याची सवय सोडावी. दिवाळी अंकाच्या संपादकांनीही आपल्या अनुक्रमणिकेवर एकदा नजर फिरवून पाहावी : किती कथांत माणूस उभा राहतो, आणि किती कथांत केवळ कोसळतो? दिव्यांच्या सणाला घरात येणाऱ्या अंकाकडून वाचकाची एवढी अपेक्षा गैर म्हणता येणार नाही.

मराठी कथेने रात्र लिहिण्याचे धैर्य केव्हाच कमावले आहे. तिने आता पहाटेपर्यंत जागण्याचे धैर्य कमवावे. नाट्यशास्त्रकारांनी प्राप्त्याशेला कथेच्या मध्यभागी जागा दिली, ती लेखकाच्या सोयीसाठी नव्हे. मध्यरात्री, आख्यान सर्वांत बिकट वळणावर असताना, जत्रेतला माणूस उठून घरी जात नाही. हंडी फुटणार आहे यावर त्याचा विश्वास असतो. तो विश्वास टिकवणे हेच आशेने लिहिणाऱ्या लेखणीचे कर्तव्य आहे.